व्हेरिएबलला मराठी नाव देताना

प्रोग्रामिंगच्या भाषेने व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागेच्या, नावांवर कोणतेही बंधन घालू नये, लिहिणाऱ्याला त्याच्या लिपीतले, त्याच्या व्यवहारातले, वाटल्यास जागा सोडून लिहिलेलेही नाव देता यावे, अशी मागणी अनेक जण करतात आणि मीही त्यांच्यातलाच आहे. जळगावात राहून रावेर, यावल, फैजपूर भागातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणे हे माझे काम आहे, आणि त्या सॉफ्टवेअरचा जो गाभा आहे, म्हणजे शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद) ज्या फाइलमध्ये तयार होते ती फाइल, तिच्यातील सगळी नावे मी देवनागरीत ठेवतो. असे चालते का, असे मला नेहमी विचारले जाते. चालते. मात्र या अनुभवातून माझे एक मत बनले आहे, ते असे की नावात कोणती चिन्हे चालावीत हा प्रश्न भाषांनी बऱ्यापैकी सोडवला असला, तरी लिहिलेली दोन नावे एकच आहेत असे कधी मानायचे, हा त्याहून अवघड प्रश्न बहुतेकांनी अर्धवट सोडला आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्याची खरी अडचण तिथे आहे.

आधी, हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. आमच्याकडे केळीचा भाव एकच नसतो. नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा आणि वापसीचा त्याहून कमी. बागांच्या आणि मालाच्या प्रकारांच्या या शब्दांना व्यापारात इंग्रजी पर्याय कोणी वापरत नाही, त्यामुळे इंग्रजी नाव द्यायचे झाले तर ते प्रोग्रामरने मनाने बनवलेले असते आणि त्याचा अर्थ त्याच्यापुरताच राहतो. हेच शब्द रोमन लिपीत लिहायचे ठरवले, तर प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे. घट आणि घाट रोमनमध्ये एकसारखेच दिसतात, घड लिहिताना शेवटी एक अक्षर चुकले की त्याची घट होते, आणि शेतकरी हा शब्द एकाच कार्यालयातील तीन मुलांनी तीन प्रकारे लिहिलेला मी पाहिला आहे. देवनागरीत तीच ओळ अशी दिसते:

निव्वळ_वजन = काटा_वजन - घट
पट्टी_रक्कम = निव्वळ_वजन * भाव - हमाली - तोलाई

एका नव्या व्यापाऱ्याकडे हे बसवत असताना त्यांचे वयस्कर दिवाणजी, ज्यांना सगळे नाना म्हणतात, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी चष्मा वर करून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “भाऊ, तोलाई आमच्याकडे शेतकऱ्याच्या पट्टीतून जात नाही. ती घेणाऱ्याच्या नावे टाका.” मी म्हटले, “नाना, हे तुम्ही कुठून वाचले?” तर ते म्हणाले, “हे काय, लिहिलंय ना समोर.” त्या गृहस्थांनी आयुष्यात प्रोग्राम पाहिलेला नव्हता. प्रत्येक पेढीची रीत वेगळी असते आणि ती कागदावर कुठेच लिहिलेली नसते, त्यामुळे ज्याला ती रीत माहीत आहे त्याला हिशेबाची ओळ थेट वाचता येणे, याचा मला फार उपयोग वाटतो.

आता बंधनांकडे वळतो. ती आली ती यंत्राच्या सोयीसाठी. १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रावर फोर्ट्रान ही भाषा आली तेव्हा नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचे असे, कारण त्या यंत्राचा एक शब्द, म्हणजे ते एका वेळी हाताळी तो साठवणीचा तुकडा, छत्तीस बिटांचा होता आणि एका अक्षराला सहा बिट याप्रमाणे त्यात बरोबर सहा अक्षरे मावत. कोबोलने तीस अक्षरांपर्यंत मोकळीक दिली आणि नावाच्या मध्ये आडवी रेघही चालवली. त्याची किंमत अशी की वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडणे भाग पडले. लिस्पने तर दोन उभ्या दांड्यांच्या मध्ये काहीही लिहा, ते नावच, असे सांगून टाकले. नाव कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कंपायलरला, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला, ठामपणे कळले पाहिजे, एवढीच मूळ गरज आहे. ती भागली, की पुढचे सगळे सवयीचे आणि पसंतीचे भाग आहेत.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणारे प्रमाण, आल्यावर लिपीचे बंधन सैल झाले. जावाने १९९६ पासूनच इतर लिप्यांतली नावे स्वीकारली. पायथनमध्ये ही सोय २००८ च्या ३.० या आवृत्तीपासून आहे, आणि रस्टमध्ये ती २०२१ मध्ये १.५३ या आवृत्तीत स्थिर झाली. यांपैकी बहुतेक भाषा युनिकोडच्याच एका परिशिष्टाचा आधार घेतात, ज्यात नावाच्या सुरुवातीला कोणती चिन्हे चालतात आणि पुढे कोणती, यांच्या याद्या दिलेल्या आहेत. देवनागरीच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत. ती अक्षर या वर्गात मोडत नाहीत, परंतु नावात दुसऱ्या स्थानापासून पुढे त्यांना परवानगी आहे.

गो या भाषेने मात्र हा आधार घेतला नाही. तिथे नावात फक्त अक्षर, अंक आणि खालची रेघ चालते, आणि मात्रा हे अक्षर नसल्यामुळे ती चालत नाही. परिणाम असा, की गोमध्ये वजन आणि दर ही नावे बिनतक्रार घेतली जातात, पण भाव चालत नाही, घट चालते, पट्टी चालत नाही, आणि केळी तर नाहीच नाही. कमल नावाच्या मुलीला प्रवेश आणि तिच्या सीमा नावाच्या बहिणीला मज्जाव, असा हा कारभार आहे. शिवाय गोमध्ये एका पॅकेजमधील नाव बाहेर दिसायचे असेल तर ते मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि देवनागरीत लहान-मोठी लिपी हा प्रकारच नाही. भाषेच्या निर्मात्यांनी आपल्या प्रश्नोत्तरांत ही मर्यादा प्रामाणिकपणे नोंदवली आहे आणि तिथे देवनागरीचे नावही घेतले आहे, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. तरीही, ज्या भाषेचे दोन मूळ रचनाकार यूटीएफ-८ या संकेतपद्धतीचेही जनक आहेत, तिच्याकडून मला अधिक अपेक्षा होती.

परवानगी मिळाल्यावरची गंमत पुढे आहे. शेतकऱ्याचे हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र संगणकावर कमीत कमी दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे एक अदृश्य चिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. कोणते उमटेल हे टंकणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून असते, आणि जुन्या मजकुरातून चिकटवलेले असेल तर ते कुठून आले यावर. आता पहिल्या प्रकाराने लिहिलेले नाव गो सोडल्यास यांतल्या सगळ्या भाषांत चालते. दुसऱ्या प्रकाराचे नाव पायथनच्या ३.१२ या आवृत्तीत थेट नाकारले जाते, आणि जे चिन्ह दिसतच नाही त्याबद्दलची तक्रार वाचून नवखा मुलगा चक्रावून जातो. रस्टनेही हे चिन्ह नावात नको असे स्पष्ट सांगितले आहे. जावास्क्रिप्ट ते स्वीकारते, पण नावे जुळवून पाहताना कोणतेही रूपांतर करत नाही. म्हणून तिथे एकाच फाइलमध्ये शेतकऱ्याचे नाव या अर्थाची, डोळ्याला सारखीच दिसणारी, दोन वेगवेगळी व्हेरिएबल सुखाने नांदू शकतात. सी शार्प तिसऱ्या टोकाला आहे. तिथे नावे जुळवताना अशी अदृश्य चिन्हे काढून टाकली जातात. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, पण ते चिन्ह काढल्यावर दऱ्याचा दर्या होतो आणि आचाऱ्यास वाढलेले ताट आचार्यास पोहोचते. शाळेत ऱ्य आणि र्य यांतला फरक शिकवताना गुरुजी हेच उदाहरण देत असत.

याबाबतीत पायथनचे धोरण मला सर्वांत समजूतदार वाटते. ती भाषा प्रत्येक नाव आधी एका ठरावीक प्रमाण रूपात आणते आणि मग तुलना करते, त्यामुळे ऱ हे एक चिन्ह म्हणून लिहिले किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असे दोन चिन्हांत लिहिले, तरी नाव एकच ठरते. पण प्रमाण रूपालाही मर्यादा आहेत. बँक हा शब्द आपण ब वर चंद्रबिंदू देऊन लिहितो, किंवा ब वर आधी अर्धचंद्र आणि मग अनुस्वार देऊन लिहितो. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, आणि युनिकोडच्या लेखी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दर१ या नावातला एक देवनागरी आहे की इंग्रजी, यानेही नाव बदलते. याच्या उलटही घडते: मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल डोळ्याला वेगळे दिसतात, पण तो फक्त फॉन्टचा फरक असतो आणि नाव एकच राहते. अशा वेळी डोळ्यांवर विसंबणे सोडून द्यावे लागते.

सर्वांत खोडकर चिन्ह विसर्गाचे आहे. आपल्याकडे असंख्य लोक विसर्गाऐवजी कोलन टंकतात, आणि वाचणाऱ्याला ते कधी खटकतही नाही. पायथनच्या एखाद्या फंक्शनमध्ये ही ओळ पाहा:

नि:शुल्क_वाहतूक = 5

येथे विसर्ग नसून कोलन आहे. माणूस हे निःशुल्क वाहतूक असे वाचतो. पायथन मात्र ३.६ या आवृत्तीपासून याचा अर्थ असा लावते, की नि नावाचे एक व्हेरिएबल आहे, त्याचा प्रकार शुल्क_वाहतूक आहे असे सुचवलेले आहे, आणि त्याची किंमत पाच आहे. फंक्शनच्या आत अशा प्रकार-सूचनेचे मूल्य काढलेच जात नाही, म्हणून शुल्क_वाहतूक नावाचे काहीही अस्तित्वात नसले तरी तक्रार येत नाही. ओळ मुकाट्याने पार पडते आणि ज्या नावाला किंमत मिळायला हवी होती त्याला ती मिळत नाही. हा रोग नवा नाही. जुन्या फोर्ट्रानमध्ये रिकाम्या जागांना अर्थ नव्हता. डू १० आय बरोबर १ स्वल्पविराम १० असे लिहिले की फेऱ्या सुरू होत, आणि स्वल्पविरामाच्या ठिकाणी चुकून पूर्णविराम पडला की डू१०आय नावाच्या, कोणी कधी न मागितलेल्या व्हेरिएबलला १.१० ही किंमत मिळे. नावांना दिलेली मोकळीक आणि विरामचिन्हांचे काम यांची सरमिसळ झाली, की चूक ही चूक राहत नाही. तिला वैध अर्थ प्राप्त होतो.

यातच कीबोर्डची भर पडते. सरकारी प्रमाण असलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजीतल्या बरोबर चिन्हाच्या कळीवर ऋकाराची खूण आहे, शिफ्टसह आठ दाबले की गुणाकाराऐवजी श्र उमटतो, आणि खालच्या रेघेच्या जागी विसर्ग आहे. म्हणजे निव्वळ_वजन लिहिताना मांडणी बदलायचे राहून गेले, तर मध्ये विसर्ग येतो आणि निव्वळःवजन हे पायथनच्या दृष्टीने निर्दोष असे एकच नाव तयार होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी म्हणूनच कोड लिहिण्याच्या संपादक-प्रोग्राममधील आपोआप नाव सुचवण्याच्या सोयीवर भिस्त ठेवायला सांगतो: नाव एकदाच नीट टंकावे आणि पुढे प्रत्येक वेळी यादीतून निवडावे. यादीत तेच नाव दोनदा दिसले, की काहीतरी बिनसले आहे हे लगेच कळते.

डेटाबेसमध्ये मोकळीक आणखी वेगळ्या ठिकाणी संपते. पोस्टग्रेस ही डेटाबेस-प्रणाली देवनागरी स्तंभनावे अवतरणचिन्हांशिवायही घेते, पण नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. इंग्रजीला त्रेसष्ट अक्षरे मिळतात तिथे आपल्याला एकवीस चिन्हे, आणि त्यातही प्रत्येक मात्रा वेगळी मोजली जाते. शेतकऱ्याचे_बँक_खाते_क्रमांक हे नाव पंचाहत्तर बाइटचे होते, म्हणून पोस्टग्रेस एक सूचना देऊन ते कापते आणि मागे शेतकऱ्याचे_बँक_खाते_क्र एवढे उरते. योगायोगाने मराठीत ते वाचताही येते! पण दुसऱ्या एखाद्या नावाचे असे नशीब नसते, आणि शेपटाकडे वेगळी असलेली दोन नावे कापल्यावर एक होतात. मायएसक्यूएल ६४ अक्षरे मोजते, बाइट नव्हे, त्यामुळे तिथे हेच नाव पूर्ण मावते. ओरॅकलमध्ये १२.२ या आवृत्तीपूर्वी तीस बाइटची मर्यादा होती. म्हणजे शेतकऱ्याचे या एका शब्दातच सगळी जागा संपत असे.

नावात जागा सोडण्याची मुभा हा या मोकळिकीचा शेवटचा टप्पा. एफ शार्पमध्ये दुहेरी उलट्या टिकांच्या आत आणि कोटलिनमध्ये एकेरी उलट्या टिकांच्या आत अख्खे वाक्य नाव म्हणून लिहिता येते, आणि चाचण्यांच्या फंक्शनला अशी नावे देण्याची पद्धत चांगली रुळली आहे. “घट वजा केल्यावर वजन शून्याखाली जाऊ नये” असे चाचणीचे नाव असेल, तर ती नापास झाल्यावर वेगळा खुलासा लागत नाही. चाचण्यांसाठी मला हे मनापासून आवडते, कारण त्या नावाला कोणी दुसरीकडून हाक मारत नाही. ते फक्त वाचले जाते. इतरत्र मात्र मी जागा टाळतो. व्यापाऱ्यांच्या एक्सेल शीटमध्ये स्तंभांची नावे म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य असते, आणि “काटा वजन” या शीर्षकाच्या शेवटी पडलेली एक रिकामी जागा अर्धी दुपार खाऊ शकते, हे ज्याने अशा शीट आयात केल्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

सारखी दिसणारी नावे केवळ गैरसोयीची नाहीत, तर घातकही ठरू शकतात, हे २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी ट्रोजन सोर्स या नावाने दाखवून दिले. अदृश्य नियंत्रक चिन्हे किंवा दुसऱ्या लिपीतील जुळी अक्षरे वापरून वाचणाऱ्याला एक आणि कंपायलरला दुसरेच दिसेल असा कोड लिहिता येतो. त्यावर काही जणांनी, पुन्हा सगळे इंग्रजी लिपीतच आणा, असा उपाय सुचवला. मला तो आळशी वाटतो. रस्टचा कंपायलर एकमेकांसारख्या दिसणाऱ्या नावांबद्दल आणि लिप्यांच्या संशयास्पद मिश्रणाबद्दल इशारा देतो. परवानगी आणि पहारा एकत्र राहू शकतात, याचे ते चांगले उदाहरण आहे.

मग मी प्रत्यक्षात काय करतो? हिशेबाचे नियम मराठीत, आणि त्यांच्याभोवतीचे सगळे, म्हणजे फाइल वाचणे, नेटवर्क, छपाई, इंग्रजीत. कारण तो भाग उद्या पुण्याचा किंवा बंगळुरूचा माणूसही सांभाळू शकतो, आणि त्याला नवती-वापसी कळण्याची गरज नसते. पायथनच्या स्वतःच्या प्रमाण ग्रंथालयातही फक्त इंग्रजी लिपीचीच नावे वापरावीत असा नियम आहे, आणि जगभर वाचल्या जाणाऱ्या कोडसाठी तो रास्तच आहे. डेटाबेसमधील स्तंभांची नावे मी रोमनमध्येच ठेवतो, बाइटच्या हिशेबामुळे. मराठी नावे देताना विभक्ती लावत नाही. शेतकऱ्याचे_नाव ऐवजी शेतकरी_नाव लिहिले की अर्ध्या र चा तंटा मिटतो, नाव आखूड होते, आणि शेतकरी हा शब्द शोधला की तो सगळीकडे सापडतो; सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलत असल्यामुळे एरवी तो शोधात निसटतो. ऱ्हस्व-दीर्घासाठी छापील शब्दकोशातले रूप घेतो. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो आणि केळीची केयी होते, पण फाइलमध्ये ती केळीच राहते, याबद्दल अद्याप कोणी भांडलेले नाही.

याशिवाय कोड जमा करण्यापूर्वी चालणारी एक छोटी तपासणी मी लिहून ठेवली आहे. ती प्रत्येक नाव प्रमाण रूपात आणते, झिरो विड्थ जॉइनर आणि त्याचा जोडीदार नॉन-जॉइनर आढळल्यास अडवते, अर्धचंद्र आणि अनुस्वार लागोपाठ आले तर चंद्रबिंदू सुचवते, एकाच नावात दोन प्रकारचे अंक मिसळू देत नाही, आणि देवनागरी अक्षराला दोन्ही बाजूंनी चिकटून आलेल्या कोलनपाशी थांबून विचारते की येथे विसर्ग हवा होता का. पायथनच्या शब्दकोश-रचनेत (डिक्शनरीत, जिथे नाव आणि त्याची किंमत कोलनने जोडतात) कोलननंतर जागा न सोडणाऱ्या मुलांना ती विनाकारण छळते, अशी त्यांची तक्रार आहे. जागा सोडायची सवय लावा, एवढेच उत्तर मी सध्या त्यांना देतो.